मंडळानं वाटलेल्या ‘अ‍ॅबोरिजिनल’ पिशव्यांबद्दल : कार्यकारिणीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या गणेशोत्सवात महाप्रसाद घेऊन निघताना आपण प्रत्येक कुटुंबाला एक कापडी पिशवी भेट दिलीत. आत आरतीसंग्रह, चिवड्याचं पाकीट आणि पुढच्या कार्यक्रमांचं पत्रक. पिशवीवर गेरूच्या, पिवळ्या आणि पांढऱ्या ठिपक्यांची दाट नक्षी, मधे कासव, त्याच्या पाठीवर तिरप्या रेघांची जाळी, खाली बूमरँग आणि कोपऱ्यात आपल्या मंडळाचं बोधचिन्ह. बंदाला सुतळीनं एक लेबल अडकवलं होतं. त्यावर इंग्रजीत छापलं होतं, ‘हातानं बनवलेली अस्सल अ‍ॅबोरिजिनल आर्ट बॅग’, म्हणजे इथल्या, ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांच्या कलेची पिशवी.

घरी आल्यावर मी ती पिशवी उलटी केली. पिशवी हातात आली की आधी आतून बघायची, ही माझ्या हाताला लागलेली सवय आहे. अस्तर नव्हतं. कापडाची मागची बाजू पांढरीफटक होती, नक्षी मशीनवर छापलेली. माझी पिशवी आणि शेजारणीची पिशवी एकावर एक ठेवली तर एका ठिपक्याचाही फरक दिसेना. आतल्या शिवणीत करंगळीच्या नखाएवढी पट्टी सापडली : ‘मेड इन इंडिया’. ते चित्र कुणाचं, कुठल्या गावचं, त्याला काय म्हणतात, यातलं काहीही कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मी आपल्याला दोन ईमेल पाठवले. उत्तर एकच आलं : “ताई, तुमची भावना समजली, पण लोकांना पिशव्या फार आवडल्यात. उरलेल्या दिवाळी मेळाव्यात विकायच्या ठरल्यात.” विकायच्या ठरल्यात हे वाचल्यावर गप्प बसणं मला शक्य झालं नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे, आपल्यासाठी आणि सगळ्या सभासदांसाठीही.

यात माझा काय संबंध, ते आधी सांगते.

मी मूळची येवल्याची. आमच्या गल्लीत तेव्हा घराघरात हातमाग होते. शेजारचे काका पैठणीच्या पदरावरचा मोर विणायला बसले की दिवसच्या दिवस जायचे आणि मोर वीतभरच पुढे सरकायचा. मग यंत्रमागावरची ‘पैठणी’ आली. दुकानात दोन्ही साड्या एकाच नावानं, एकाच कपाटात. काका गिऱ्हाइकासमोर पदर उलटा करायचे आणि म्हणायचे, “मागनं बघा ताई. हातमागाची असली की मागनंबी तशीच दिसती, धागं लोंबत नाहीत.” गिऱ्हाईक बघायचं, मान डोलवायचं आणि स्वस्तातली घेऊन जायचं. काकांच्या दोन्ही मुलांनी माग सोडला. पिशवी उलटी करून बघायची सवय मला त्या ओट्यावर लागली.

या देशात येऊन मला सतरा वर्षं झाली, आणि पिशव्या शिवायला लागले त्याला अकरा. शनिवार-रविवारच्या बाजारात माझं टेबल असतं, आपल्यापैकी बरेच जण तिथं येऊन गेले आहेत. मी दोन प्रकारचं कापड वापरते. एक, कलाकाराशी करार करून त्याच्या चित्रावरून छापलेलं सुती कापड. त्याच्या काठावर कलाकाराचं आणि चित्राचं नाव छापलेलं असतं आणि विकल्या गेलेल्या कापडावर कलाकाराला मानधन मिळतं. दुसरं, उत्तरेतल्या अ‍ॅबोरिजिनल कलाकेंद्रांमध्ये हातानं छापलेलं. ते मीटरला शंभर डॉलरच्या आसपास पडतं, म्हणून ते मी वर्षाला थोडंच घेते.

हे हातछपाईचं कापड कसं होतं ते माहीत असलं की किमतीचं नवल वाटत नाही. लांबलचक टेबलावर कापड ताणून बसवतात. लाकडी किंवा धातूच्या चौकटीवर बारीक जाळी ताणलेली असते आणि जाळीत चित्राची जागा मोकळी ठेवलेली असते. दोघीजणी दोन बाजूंना उभ्या राहतात, रबराच्या पट्टीनं रंग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढतात, चौकट उचलतात, पुढच्या खुणेवर नेमकी टेकवतात, पुन्हा ओढतात. दुसरा रंग हवा असेल तर पहिला वाळल्यावर दुसऱ्या चौकटीनं सगळं पुन्हा. कुठे रंग किंचित दाट बसतो, कुठे दोन ठशांच्या सांध्यावर केसभर रेघ उमटते. मी कापड बेतताना त्या रेघेवरून बोट फिरवते. इथे एका बाईचा हात थांबला होता आणि दुसरीनं तिला ‘हं’ म्हटलं असेल, असं मला दरवेळी वाटतं.

मे महिन्यात कार्यकारिणीतून मला फोन आला होता, हेही सभासदांना कळायला हवं. चारशे पिशव्या हव्या होत्या. मी भाव सांगितला. तो परवडणार नाही हे मलाही दिसत होतं, म्हणून मीच दुसरा मार्ग सुचवला : स्वयंसेवकांना आणि ज्येष्ठांना चाळीस चांगल्या पिशव्या द्या, बाकीच्यांना साध्या मांजरपाटाच्या. फोनवरचे दादा म्हणाले, “अहो, पण त्यात एवढं काय आहे? ठिपकेच तर आहेत. तुम्हाला रांगोळी येते की. मांजरपाटावर तुम्हीच मारा ठिपके.” मी नाही म्हटलं. दादा मनानं चांगले आहेत आणि त्यांनी हे मोकळेपणानं विचारलं होतं. तेव्हा मला फोनवर नीट सांगता आलं नाही. आता सांगते.

आपली ठिपक्यांची रांगोळी आणि इथल्या वाळवंटातली ठिपक्यांची चित्रं दिसायला जवळची वाटतात, हे खरं. पण आपण ठिपके काढतो ते रेघ कुठून कुठे न्यायची यासाठी, आणि ती रांगोळी कुणीही कुणाच्याही दारात काढावी. इथे तसं नाही. आज जगभर ओळखली जाणारी ती ठिपक्यांची शैली १९७१ नंतर मध्य ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या या वस्तीतून बाहेर आली. तिथल्या जाणत्या पुरुषांनी त्यांच्या विधींमध्ये जमिनीवर आणि अंगावर काढली जाणारी चित्रं फळ्यांवर उतरवायला सुरुवात केली. त्यातल्या काही खुणा बाहेरच्यांनी, किंवा अजून दीक्षा न झालेल्यांनी, बघायच्या नव्हत्याच. त्या झाकायला ठिपक्यांची दाट साय वरून पसरली जाऊ लागली. म्हणजे जो ठिपका दादांना नुसती सजावट वाटला, तो कधीकधी कुणीतरी मुद्दाम ओढलेला पडदा असतो. कुठली गोष्ट कुणी चितारायची हे जन्मानं, नात्यानं आणि जमिनीच्या तुकड्यावरच्या हक्कानं ठरलेलं असतं. सख्ख्या भावंडांनाही एकमेकांच्या हक्काचं चित्र विचारल्याशिवाय काढता येईलच असं नाही. मग मी कोण?

आणि आपल्या पिशवीवरच्या कासवाच्या पाठीवर जी रेघांची जाळी आहे ती वाळवंटातली नाहीच. ती अर्नहेम लँडची, पापुन्याहून उत्तरेला हजार किलोमीटरच्याही पलीकडची. झाडाच्या सालीवर बारीक कुंचल्यानं ओढलेल्या त्या रेघांना तिकडच्या कुनविंकू भाषेत ‘रार्क’ म्हणतात. कुठल्या कुळानं कुठल्या रेघा ओढायच्या हे तिथंही ठरलेलं असतं. वारलीचा तारपा, मधुबनीची मासोळी आणि पैठणीचा मोर एकाच पिशवीवर छापून कुणी ‘अस्सल महाराष्ट्र’ असं लेबल लावलं असतं, तर आपल्यातल्या लहान मुलानंही ओळखलं असतं की हे करणाऱ्याला आपली काही माहिती नाही.

एक प्रसंग सांगते, कारण मी हे सगळं पुस्तकातून शिकले नाही. उत्तरेच्या डार्विन शहरात दर ऑगस्टमध्ये अ‍ॅबोरिजिनल कलाकेंद्रांचा मोठा मेळा भरतो. दूरदूरच्या वस्त्यांमधून कलाकार स्वतः येऊन बसतात. काही वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा गेले, खांद्याला मीच शिवलेली पिशवी होती. कापड अर्नहेम लँडचं, चित्र ‘यॉक्यॉक’चं. यॉक्यॉक म्हणजे पाणवठ्यात राहणारी तरुण मुलगी, कमरेखाली माशाची शेपटी, केस पाण्यातल्या शेवाळासारखे लांब. मला पहिल्यांदा ते चित्र बघून आपल्याकडच्या साती आसराच आठवल्या होत्या, विहिरीच्या आणि डोहाच्या काठावर हळदकुंकू वाहिलेले सात दगड. एका टेबलामागे बसलेल्या आजींनी माझी पिशवी बघितली आणि हात पुढे केला. मी ती उतरवून दिली. त्यांनी ती मांडीवर घेतली, बाजूच्या शिवणीवरून अंगठा वरपासून खालपर्यंत नेला आणि मधेच थांबल्या. मग शेजारच्या नातीला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. नात मला म्हणाली, “आजी विचारतेय, हिचं डोकं कुठं गेलं?”

मी बेतताना कापड वाचवलं होतं. यॉक्यॉकचं डोकं शिवणीच्या आत गेलं होतं.

आजी रागावल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचं कापड उलगडलं आणि बोटानं दाखवलं, एक मुलगी इथून इथपर्यंत, पाणी इथून सुरू होतं, हे तिचे केस, हे कापायचे नाहीत. त्यानंतर मी बेतायची पद्धत बदलली. आधी कापड जमिनीवर अंथरते, आकृती पूर्ण बघते, तिच्याभोवती खडूनं खूण करते आणि मग पिशवीचं माप ठरवते. कापड जास्त लागतं. उरलेल्या तुकड्यांचे बटवे होतात. काठावरची नावाची पट्टी मी कापून टाकत नाही, ती आतल्या खिशाच्या तोंडाशी शिवते, म्हणजे पाकीट काढताना दरवेळी नाव दिसतं. माझ्याकडून पिशवी घेणाऱ्या बायका बाजारात परत भेटल्या की त्या कलाकाराबद्दल विचारतात. नाव माहीत असल्यामुळेच विचारू शकतात.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, लेबल खोटं आहे. ‘अस्सल’ नाही, ‘हातानं बनवलेली’ म्हणावं तशी नाही, आणि ‘अ‍ॅबोरिजिनल’ तर कुठल्याच अर्थानं नाही. हा नुसता शब्दांचा प्रश्न नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक कायद्यात खोटा दावा करून वस्तू विकणं गुन्ह्याच्या पातळीचं आहे. बिरुबी आर्ट नावाच्या कंपनीनं २०१५ ते २०१७ या काळात १८ हजारांहून जास्त बूमरँग, डिजरीडू (त्यांचं लाकडी फुंकवाद्य) आणि तत्सम वस्तू दुकानांना विकल्या. वस्तू बनत होत्या इंडोनेशियात, आणि त्यावर ‘अ‍ॅबोरिजिनल आर्ट’, ‘हातानं रंगवलेलं’ असे शब्द. ग्राहक आयोग फेडरल कोर्टात गेला आणि २०१९ मध्ये कोर्टानं २३ लाख डॉलरचा दंड ठोठावला. आपण पिशव्या भेट दिल्या तोवर एक गोष्ट होती. मेळाव्यात पैसे घेऊन विकल्या की आपण त्याच रांगेत उभे राहतो. मंडळाला नोटीस यावी अशी माझी अजिबात इच्छा नाही, म्हणूनच आधी सांगते आहे.

दुसरी तक्रार मला सगळ्यात जास्त बोचते, ती नावाची. आपण म्हणाल, हे कुणा एकाचं चित्र नाही, ‘तशा पद्धतीचं’ आहे. इथल्या कायद्यात ही पळवाट आहेच. नेमकं चित्र चोरलं तर कॉपीराइट लागतो, नुसती शैली उचलली तर बहुतेक वेळा काही लागत नाही. पण नेमकी चित्रं चोरली गेली तेव्हा काय झालं ते बघा, म्हणजे शैली उचलण्यानंही काय दुखतं ते कळेल. व्हिएतनाममध्ये विणलेले गालिचे पर्थच्या एका कंपनीनं आणून विकले, त्यावर बांडुक मारिका, जॉर्ज मिलपुरुरू अशा कलाकारांची चित्रं न विचारता उतरवलेली होती. ज्या पवित्र पाणवठ्याची गोष्ट सांगायचा हक्क बांडुक मारिकांना त्यांच्या कुळानं दिला होता, तो पाणवठा लोकांच्या दिवाणखान्यात पायाखाली आला. १९९४ मध्ये कोर्टानं १ लाख ८८ हजार डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली आणि पैशाच्या नुकसानीबरोबर मनाला आणि समाजातल्या स्थानाला झालेल्या इजेचाही हिशेब केला. चपलेवर किंवा पायपुसण्यावर गणपती छापला गेला की आपल्या अंगाची लाही होते ना? तसंच हे.

आणि कापडाचाही खटला झाला आहे. जॉनी बुलुन बुलुन यांचं पाणवठ्यावरच्या पाणपक्ष्यांचं आणि कमळांचं चित्र एका कंपनीनं आयात केलेल्या छापील कापडावर परवानगीशिवाय वापरलं गेलं. १९९८ च्या निकालात न्यायमूर्तींनी म्हटलं की असं चित्र काढणाऱ्या कलाकारावर त्याच्या गानाल्बिंगू समाजाचं ते सांभाळण्याची जबाबदारी असते. म्हणजे तिकडे चोरी झाली की ज्याचं चोरलं त्यालाच आपल्या माणसांपुढे मान खाली घालावी लागते, तू नीट सांभाळलं नाहीस म्हणून. आपण तीन-साडेतीन डॉलरला घेतलेल्या पिशवीच्या मागे हे सगळं आहे.

तिसरी गोष्ट पैशाची, ती थोडक्यात. सरकारच्याच प्रॉडक्टिव्हिटी कमिशननं २०२२ मध्ये अहवाल दिला. २०१९-२० या वर्षात अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटांवरच्या कलेची एकूण विक्री सुमारे २५ कोटी डॉलर. आणि त्या शैलीच्या भेटवस्तू-वापरवस्तूंवर जो खर्च होतो त्यातला अर्ध्याहून जास्त नकली मालावर, ४ कोटी १० लाख ते ५ कोटी ४० लाख डॉलर. ज्या वस्त्यांमध्ये पावसाळ्यात महिनोन्‌महिने रस्ता बंद असतो आणि कलाकेंद्र हीच कमाईची एक जागा असते, त्यांच्या ताटातले हे पैसे आहेत.

तिथं कापडाचं काम कालपरवाचं नाही, हेही आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एर्नाबेला वस्तीत १९४८ पासून हस्तकलेची खोली चालते. तिथल्या बायकांनी आधी लोकर कातली, मग सत्तरच्या दशकात बाटिक, म्हणजे मेण लावून कापड रंगवायला शिकल्या, त्यातल्या काही जणी इंडोनेशियात जाऊन शिकून आल्या. मध्य ऑस्ट्रेलियातल्या यूटोपिया नावाच्या वस्तीतल्या बायकांनी १९७७ पासून रेशमावर बाटिक केलं. एमिली कामे क्न्ग्वार्रेये यांचं नाव आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांमध्ये आहे. त्यांची सुरुवात त्याच बाटिकच्या गटात झाली, कॅनव्हासवरचा कुंचला हातात आला तेव्हा त्या सत्तरी ओलांडलेल्या होत्या. उत्तरेच्या तिवी बेटांवर साठच्या दशकाच्या अखेरीपासून ठसे कोरून कापड छापलं जातं. अर्नहेम लँडमधल्या मानिनग्रिडाच्या बाबारा केंद्रातल्या बायकांचं कापड २०१९ मध्ये पॅरिसला प्रदर्शनात लागलं होतं. आणि पिशवी तर त्यांच्याकडे कापडाच्याही कितीतरी आधीची. झाडाच्या सालीच्या आणि केवड्याच्या जातीच्या पानांच्या धाग्यांची हातानं वळून विणलेली पिशवी, कपाळाला अडकवून पाठीवर सोडायची. इंग्रजीत तिला ‘डिली बॅग’ म्हणतात, त्यातला ‘डिली’ हा शब्दही ब्रिस्बेनच्या परिसरातल्या मूळ भाषेतला. आपण त्यांना त्यांचीच पिशवी नकली करून दाखवतो आहोत.

चौथी तक्रार आपल्या स्वतःबद्दल. आपल्या प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात, गणेशवंदनेच्याही आधी, या भूमीच्या मूळ राखणदारांचं स्मरण करून होते. सगळे उभे राहतात. ‘त्यांच्या पूर्वीच्या, आजच्या आणि पुढच्या ज्येष्ठांना आमचं वंदन’ हे वाक्य यंदा एका बारा वर्षांच्या मुलीनं मराठीत म्हटलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच दारातून बाहेर पडताना तिच्या हातात ही पिशवी दिली गेली. ती मुलगी उद्या विचारेल, मावशी, हे चित्र कुणी काढलं? तिला मी काय सांगू?

आणि २०२५ चा जून आठवा. मिलानमध्ये प्राडा या फॅशन कंपनीच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरी चपलेसारख्या चपला आल्या, आणि कोल्हापूरचं नावही नव्हतं. आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तीन दिवस दुसरा विषय नव्हता. आपल्याच सचिवांनी लिहिलं होतं, “वस्तू घ्या, पण ज्यांनी घडवली त्यांचं नाव घ्या.” ते वाक्य मी जपून ठेवलं आहे, कारण ते शंभर टक्के बरोबर होतं. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, वारली चित्रकलेलाही मानांकन आहे, तरी आपल्याला किती झगडावं लागतं. डहाणू-तलासरीकडच्या बायका लग्नाचा चौक तांदळाच्या पिठानं भिंतीवर लिहायच्या, त्यात पालघट देवी बसायची. आज तीच माणसं, तोच तारपा चहाच्या कपापासून उशीच्या अभ्र्यापर्यंत कुणीही छापतं, आणि वारली पाड्यावर त्यातला रुपया पोचत नाही. आपल्याला हे दुःख माहीत आहे. ते माहीत असलेल्या माणसांनी हे करावं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

जिनं किंवा ज्यानं भारतात बसून या पिशव्या शिवल्या, त्या कारागिराबद्दल माझ्या मनात काहीही राग नाही. बंदाच्या टोकाला मारलेली चौकटीतली फुली बघितली, टीप सरळ आहे, हात सरावाचा आहे. त्या हातालाही साडेतीन डॉलरमधले किती मिळाले असतील याचा अंदाज मला शिलाईच्या हिशेबावरून येतो. नाव त्याचंही पिशवीवर नाही.

आपला हेतू चांगला होता, हे मी मनापासून मानते. इथल्या मातीचं काहीतरी आपल्या गणपतीत असावं असं आपल्याला वाटलं. चांगल्या हेतूनं अशी चूक या देशाच्या रिझर्व्ह बँकेकडूनही झाली आहे. १९६६ मध्ये नवीन एक डॉलरची नोट आली, तिच्यावर डेव्हिड मालांगी यांचं सालीवरचं चित्र होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. ते चित्र कुणा अनाम, कधीच मरून गेलेल्या माणसाचं असेल असं गृहीत धरलं गेलं, आणि मालांगी तर अर्नहेम लँडमध्ये जिवंत, चित्रं काढत होते. हे उघड झाल्यावर बँकेचे गव्हर्नर कूम्ब्स यांनी त्यांना एक हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीचं साहित्य दिलं. ते पुरेसं होतं असं मी म्हणणार नाही. पण देशाच्या नोटेवरची चूक मान्य करता आली, तर चारशे पिशव्यांची आपल्यालाही करता येईल.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत.

उरलेल्या पिशव्या दिवाळी मेळाव्यात विकू नयेत. एकही नाही, ‘स्वस्तात संपवून टाकू’ म्हणूनही नाही. त्यांच्यावरची लेबलं काढावीत. जाळा किंवा फेका असं मी म्हणत नाही, कापड कापड आहे. आपल्या स्वयंपाकघरात कांदे-बटाटे ठेवायला, सजावटीचं सामान बांधायला वापरा, पण मंडळाच्या नावानं लोकांच्या हातात देऊ नका.

मंडळाच्या पुढच्या अंकात आणि व्हॉट्सअ‍ॅप गटावर चार ओळींचं निवेदन द्यावं : या पिशव्या अ‍ॅबोरिजिनल कलाकारांच्या नव्हत्या, लेबलवरचा मजकूर चुकीचा होता, आम्हाला खेद आहे. ज्यांनी या पिशव्या शेजाऱ्यांना किंवा मुलांच्या शिक्षकांना ‘अस्सल’ म्हणून पुढे भेट दिल्या असतील, त्यांनाही ते कळायला हवं. माझ्या माहितीत अशी तीन घरं आहेत.

पुरवठादारालाही पत्र जावं. त्यांनी हा नमुना कुठून घेतला ते विचारावं, आणि असं लेबल लावलेला माल मंडळ पुन्हा घेणार नाही हे लेखी कळवावं. तो आपलाच माणूस आहे, आपलं ऐकेल.

यापुढे इथल्या मूळ रहिवाशांच्या कलेचं काहीही घ्यायचं असेल तर मागवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरं सभेच्या इतिवृत्तात लिहावीत : कलाकाराचं नाव काय, तो किंवा ती कुठल्या समाजाची, आणि तिला पैसे कसे पोचतात. कलाकेंद्रांकडून थेट घेता येतं. ‘इंडिजिनस आर्ट कोड’ या व्यवहाराच्या आचारसंहितेला बांधील असलेले विक्रेतेही आहेत. उत्तर मिळालं नाही तर घेऊ नये, इतकं सोपं ठेवावं. मेळाव्यात टेबल लावणाऱ्या सगळ्यांना, मलाही, हाच नियम लावावा.

बजेट नसेल तर आपलं काहीतरी द्या. इरकली लुगड्यांच्या जुन्या पदरांच्या, खणाच्या तुकड्यांच्या पिशव्या आपल्या इथल्याच दहा बायका मिळून शिवतील. मांजरपाटाची कोरी पिशवीसुद्धा चालेल. कोऱ्या पिशवीत खोटं काही नसतं.

आणि एक विनंती, मागणी नाही. पुढच्या वर्षी गणेशोत्सवाच्या एका दुपारी अ‍ॅबोरिजिनल कापडकलाकारांना बोलवावं, त्यांचं मानधन आणि प्रवासखर्च देऊन, पाहुण्याच्या मानानं. बाबाराच्या बायकांनी बंगळुरूच्या ठसेछपाईच्या कार्यशाळेबरोबर काम केलेलं आहे, म्हणजे आपल्याकडचा लाकडी ठसा त्यांच्या ओळखीचा आहे. आपल्या मुलांना त्यांच्या हातून कळू दे की तो ठिपका काय आहे. मानधनासाठी माझ्या टेबलाची एका महिन्याची कमाई मी आत्ताच कबूल करते.

सरकार काय करतंय, असं कुणी विचारेल. नकली भेटवस्तूंवर त्या नकली आहेत हे ठळक लिहिणं सक्तीचं करावं, अशी शिफारस २०२२ च्या त्या अहवालात होती, आणि २०२३ च्या जानेवारीत आलेल्या राष्ट्रीय सांस्कृतिक धोरणात यासाठी स्वतंत्र कायदा करण्याचं वचन दिलं गेलं. मंडळानं आपल्या खासदाराला त्या वचनाची आठवण करून देणारं पत्र लिहिलं तर मी पहिली सही करीन. पण लेबल काढायला आपल्याला कायद्याची गरज नाही.

उरलेल्या पिशव्या मंडळाच्या गोदामात आहेत असं मला कळलं आहे. येत्या शनिवारी ढोलपथकाच्या सरावाला मी तासभर आधी येते. लेबलाची सुतळी पक्की गाठ मारून बांधलेली आहे, हातानं तुटत नाही, मी दोन कात्र्या आणते. किल्ली कुणाकडे आहे तेवढं कळवावं.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद